एक रजेचा अर्ज आणि नॉर्मनांची स्वारी

इंग्रजी शब्द पाठ करण्याची आमच्या वेळची रीत मोठी सरळ होती. वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारायची. रेघेच्या डाव्या अंगाला इंग्रजी शब्द, उजव्या अंगाला त्याचा मराठी अर्थ. रोज दहा शब्द. संध्याकाळी परवचा झाली की थोरला भाऊ उजवी बाजू तळहाताने झाकून एकेक शब्द विचारी, आणि दहाच्या दहा आले तरच ताट वाढले जाई. मॅट्रिकच्या वर्गात येईपर्यंत माझ्या अशा तीन वह्या भरल्या होत्या, आणि एका शब्दाला एकच अर्थ असतो यावर माझी गंगाजळाइतकी श्रद्धा होती.

त्या श्रद्धेला तडा गेला तो वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी. शिक्षणासाठी मी तालुक्याच्या गावी राहत असे. घरी जायला दोन दिवसांची रजा हवी, आणि मॅट्रिकच्या मुलांनी अर्ज इंग्रजीत लिहावा असा शाळेचा दंडक. वहीत पाहिले : 'डिमांड' म्हणजे मागणे. रजा मागायची आहे, तेव्हा हाच शब्द. मी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'आय डिमांड टू डेज लीव्ह'. हेडमास्तरांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "डिमांड? हक्काने मागतोस होय रे? मग मिळव हक्काने." अर्ज टेबलावर परत पडला. मी वर्गात येऊन बसलो. मागायला गेलो, मागितले, यात चुकले काय ते मला काही केल्या कळेना.

आमचे इंग्रजीचे मास्तर वयाने पिकलेले, दम्याने बेजार झालेले गृहस्थ होते. त्यांच्या कानावर ही हकीकत गेली. मधल्या सुटीत त्यांनी मला बोलावले, अर्ज वाचला आणि खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाले, "अर्थ तू बरोबर लिहिला आहेस. फक्त तो फ्रान्सात बरोबर आहे."

"म्हणजे सर?"

"फ्रान्सात हा शब्द म्हणजे नुसते विचारणे, मागणे. इंग्लंडात तो राहायला गेला आणि त्याची वागणूक बदलली. कशी बदलली ते विल्यम राजाला विचार."

विल्यम राजाची आणि माझी तोवर सनावळीपुरती ओळख होती. इंग्लंडच्या इतिहासातील जी एक तारीख सर्वांना पाठ असते, ती त्याचीच. 14 ऑक्टोबर 1066 या दिवशी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ हेस्टिंग्ज येथे लढाई झाली, हॅरल्ड राजा पडला, आणि त्याच वर्षीच्या नाताळात नॉर्मंडीच्या या सरदाराने वेस्टमिन्स्टर येथे मुकुट चढवला. नॉर्मन म्हणजे उत्तरेकडील माणसे. यांचे पूर्वज दर्यावर्दी लुटारू. दीडशे वर्षे आधी फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्थायिक झाले आणि पाहता पाहता स्वतःची भाषा विसरून फ्रेंच बोलू लागले. इंग्लंडात उतरले ते फ्रेंच घेऊनच. पुढल्या वीस वर्षांत जुन्या सरदारांच्या जमिनी बहुतेक साऱ्या नव्या धन्यांकडे गेल्या. 1086 साली विल्यमने साऱ्या राज्याची जमीन, नांगर आणि गुरेढोरे मोजून जे प्रचंड दप्तर करवले, ते लॅटिनमध्ये आहे. म्हणजे दप्तर लॅटिन, दरबार फ्रेंच आणि शेत इंग्रजी. ही स्थिती थोडीथोडकी नव्हे, सुमारे तीनशे वर्षे चालली.

तीनशे वर्षे ज्या घरात धनी एक भाषा बोलतो आणि चाकर दुसरी, त्या घरातील शब्दांना चेहरे येतात. कोर्ट, जज्ज, जुरी, प्रिझन, टॅक्स, रेंट हे सारे धन्याचे शब्द. हाऊस, ब्रेड, मिल्क, स्लीप हे चाकराचे. किंग आणि क्वीन हे मात्र जुनेच राहिले. फादर, मदर, ब्रदर, सिस्टर हे चुलीजवळचे, म्हणून तेही टिकले. पण चुलीपासून हातभर दूर गेलात की अंकल, आँट, कझिन, नेव्ह्यू हे सारे फ्रेंच. आजोबांचे तर अर्धे अंग फ्रेंच आणि अर्धे इंग्रजी : ग्रँड तिकडचा, फादर इकडचा. आपल्याकडे हल्ली जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला अंकल म्हणतात. त्यांपैकी कोणालाही आपण नॉर्मनांचे देणे लागतो याची वार्ता नसते.

शाकाहारी वाचकांची क्षमा मागून येथे स्वयंपाकघरातील एक प्रसिद्ध उदाहरण सांगितले पाहिजे. गोठ्यात उभी असते ती काउ, ताटात येते ते बीफ. रानात चरते ती शीप, ताटात येते ते मटन. चिखलात लोळते ते पिग, ताटात पोर्क. राखणारा इंग्रज, खाणारा नॉर्मन. वॉल्टर स्कॉटने 1819 साली प्रसिद्ध केलेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत डुकरे राखणारा गुर्थ आणि विदूषक वांबा यांच्या तोंडी ही गोष्ट घातली, तेव्हापासून ती मास्तरामास्तरांतून फिरते आहे. गोष्ट चटकदार आहे, आणि चटकदार गोष्टींना असतो तो दोष तिच्यातही आहे. फ्रेंच शब्द येताक्षणीच ताटात जाऊन बसले नाहीत. जिवंत गुरांच्या कळपालाही पुढे कित्येक शतके 'बीव्ह्ज' म्हणत. गोठा आणि ताट यांची वाटणी सावकाश, वापराने झाली. शिवाय कोंबडी आणि मासा यांची नावे दोन्हीकडे इंग्रजीच राहिली. तरी गोष्टीचे मर्म खोटे नाही.

हे सारे ऐकताना मला इंग्लंडपेक्षा आपल्याच घराची आठवण होऊ लागली. आपल्याकडेही दरबाराची भाषा शतकानुशतके फारशी होती. आजही कोणी कोर्टाची पायरी चढला की त्याच्या तोंडी फिर्याद, दावा, वकील, जामीन, हुकूम, जप्ती असे शब्द येतात. त्यांतला एकही आजीच्या ओव्यांतला नव्हे. दोन भाषा शेजारी नांदल्या की लोक सावधगिरीने दोन्हीकडचा शब्द जोडून बोलतात. आपण बाजारहाट करतो, त्यांतला बाजार फारशी आणि हाट आपला. कागदपत्रांतला कागद फारशी, पत्र संस्कृत. धनदौलत, रीतिरिवाज यांचेही तेच. इंग्लंडात वकिलांनी नेमके हेच केले. मृत्युपत्राला ते 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात. विल इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिनकडून आलेला. चीजवस्तूला 'गुड्स अँड चॅटल्स', घरफोडीला 'ब्रेकिंग अँड एंटरिंग'. पहिला शब्द अशिलाला कळावा म्हणून, दुसरा न्यायाधीशाला. धनदौलत हा शब्द ज्याच्या तोंडी रुळला आहे त्याला या जोड्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आता त्या 'डिमांड'कडे वळू. नॉर्मन कोर्टात जमिनीवर आपला हक्क सांगायला जो उभा राही त्याला 'डिमांडंट' म्हणत. तेथे मागणे म्हणजे हक्क सांगणे. समोरच्याने द्यावे नाही तर का देत नाही ते बोलावे. फ्रान्समध्ये हा शब्द बाजारात, रस्त्यावर, स्वयंपाकघरात हिंडत राहिला आणि मवाळ राहिला. इंग्लंडात तो कोर्टात वाढला, आणि कोर्टात वाढलेल्याचा आवाज चढा असायचाच. मौज अशी की, 'रिक्वेस्ट' हाही फ्रेंचांकडूनच आलेला शब्द. पण त्याच्या वाट्याला दुसरे दालन आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' नावाचे एक न्यायालय होते. ज्यांना मोठ्या कोर्टाचा खर्च झेपत नसे असे गोरगरीब आपली गाऱ्हाणी तेथे नेत. एक शब्द हक्कदाराचा झाला, दुसरा हात जोडणाऱ्याचा.

"आता मराठीत बघ," मास्तर म्हणाले. "तगादा आणि अर्ज. दोन्ही एकाच दरबारातून आले, दोन्ही मागण्याचेच शब्द. वाण्याने उधारीसाठी लावला तो तगादा. तू रजेसाठी करतोस तो अर्ज. उद्या तू घरी लिहिलेस की मी हेडमास्तरांकडे रजेचा तगादा लावला, तर तुझी आई काय म्हणेल? तेच तू इंग्रजीत लिहिले आहेस."

माझ्या तीन वह्यांनी मला जे शिकवले नव्हते ते या एका वाक्याने शिकवले.

त्यानंतर शाळा सुटल्यावर मास्तरांच्या खोलीवर जाण्याचा माझा परिपाठ पडला. ते म्हणत, शब्दाशी सोयरीक करायची तर स्थळ पाहतात तशी चौकशी करावी. कुळ कोणते, कोणत्या घरात वाढला, आणि सध्या वागतो कसा. नुसत्या कुळावर भुलणारे आणि नुसत्या रूपावर भुलणारे सारखेच फसतात. 'व्हिलन' घ्या. हा मूळचा गरीब बिचारा कुळवाडी, धन्याच्या जमिनीशी बांधलेला शेतमजूर. धन्याच्या तोंडी तो शब्द आधी गावंढळ झाला, मग हलकट, आणि अखेरीस थेट सिनेमाच्या पडद्यावर नायिकेच्या मागे लागला. 'नेव्ह' आणि 'नाइट' या दोघांची कहाणी तर जुळ्या भावांसारखी आहे. दोन्ही जुन्या इंग्रजीतले, आणि दोन्हींचा मूळ अर्थ पोरगा, हरकाम्या. एकाला राजाच्या पदरी घोडा आणि तलवार मिळाली, तो सरदार झाला. दुसरा तबेल्यातच राहिला आणि लबाड ठरला. दोष कोणाचा? शब्दांचा खचितच नव्हे. 'लॉर्ड' हा मुळात भाकरीचा राखणदार आणि 'लेडी' ही कणीक मळणारी. आज कोणा लेडीसाहेबांना परातीपुढे बसवून पाहा!

वर्तमानपत्रांत आपण 'कर्फ्यू' वाचतो आणि बंद दारे, ओस रस्ते, पोलिसांच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. शब्द जुन्या फ्रेंचमधला, आणि अर्थ इतकाच की विस्तव झाका. घरे लाकडाची आणि गवताने शाकारलेली. रात्री एकाच्या चुलीतली ठिणगी उडाली तर सारी आळी भस्म. म्हणून तिन्हीसांजेनंतर घंटा होई आणि बाया निखाऱ्यांवर राख ओढत. आमच्या आजीनेही आयुष्यभर रात्री हेच केले. तिला त्यासाठी घंटा लागली नाही.

'कलप्रिट' या शब्दाचा जन्म तर कारकुनाच्या आळसातून झाला असे कोशकार सांगतात. आरोपी गुन्हा नाकबूल करी, तेव्हा सरकारपक्ष फ्रेंचमध्ये म्हणे, 'दोषी आहे, सिद्ध करण्यास आम्ही तयार आहो'. कारकून ते दोन तुटक अक्षरांत टिपून घेई. पुढे फ्रेंच जाणणारे कोणी उरले नाहीत. ती अक्षरे आरोपीचे संबोधनच आहे अशा समजुतीने मोठ्याने वाचली जाऊ लागली, आणि एका संक्षेपाचा गुन्हेगार झाला. फ्रेंच जाणणारे न उरण्याचे कारण असे की, 1362 साली तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत कायदा झाला : लोकांना फ्रेंच समजत नाही, सबब यापुढे कोर्टात इंग्रजीत बोलावे. हा कायदा स्वतः मात्र फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे! वकील आपली मोडकीतोडकी फ्रेंच त्यानंतरही सतराव्या शतकापर्यंत लिहीतच राहिले.

आपल्याकडे या गोष्टीला एक जोड आहे, आणि ती फार मानाची आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश तयार केला आणि दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. 1674 च्या राज्याभिषेकाबरोबर मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती आणि पेशव्याचा मुख्य प्रधान. सेनापती आपल्या जिभेवर बसला. मुख्य प्रधान काही बसला नाही. पुढे शंभर वर्षे साऱ्या हिंदुस्थानाने पेशवा हेच नाव ऐकले. शब्द बदलण्याचा हुकूम राजा देऊ शकतो, पण लोकांच्या तोंडी काय राहील ते लोक ठरवतात. आपण अर्जावर दिनांक लिहितो. कोर्टात मात्र अजूनही तारीखच पडते.

इंग्रजीत तिसरा थर चढला तो विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात. सोळाव्या-सतराव्या शतकांत पंडितांनी लॅटिन-ग्रीकमधून पोत्यांनी शब्द आणले. त्यांना हिणवून लोक दौतीतले शब्द म्हणत, आणि जॉन चीकसारखे शुद्धिवादी घरच्याच शब्दांचा आग्रह धरीत. भांडणाचा निकाल कोणाच्याच बाजूने लागला नाही. इंग्रजीकडे एका गोष्टीला तीन-तीन शब्द उरले. 'आस्क' म्हणजे घरातल्यासारखे विचारणे, 'क्वेश्चन' म्हणजे शंका घेऊन विचारणे, 'इंटरोगेट' म्हणजे पोलीस चौकीत विचारणे. आपल्याकडे विचारणे, प्रश्न करणे आणि जाब विचारणे यांत जे अंतर आहे तेच हे. पाहुण्याला आपण पाणी देतो. 'एक पेला जल घ्या' म्हटले तर तो नाटकाची तालीम चालली आहे असे समजेल. पण तेच गंगेचे असले की जल. घर आपले असते. गृह मंत्र्याचे असते, नाही तर वसतीचे.

या थरांचे मला सर्वांत आवडते उदाहरण स्वागताचे आहे. 'हार्टी वेलकम' आणि 'कॉर्डियल रिसेप्शन'. हार्ट म्हणजे हृदय. कॉर्डियलच्या पोटात लॅटिन शब्द आहे, त्याचाही अर्थ हृदयच. कोशात दोहोंना एकच अर्थ. पण पहिल्यात कोणी तरी उंबऱ्यापर्यंत येऊन दोन्ही हात धरते. दुसऱ्यात हार, गुच्छ आणि अध्यक्ष असतात. आणि आपण काय करतो? घरी आलेल्याला 'या, या, बसा' म्हणतो, आणि मांडवावर फलक लावतो हार्दिक स्वागताचा. आज टपालाने ज्या हार्दिक शुभेच्छा आपणांस आल्या असतील, त्यांतील किती जणांनी त्या मनापासून धाडल्या आहेत ते ज्याचे त्याने पाहावे.

मात्र कुळाच्या नादी फार लागू नये हेही मास्तरांनीच शिकवले. 'नाइस' शब्दाचे लॅटिन मूळ शोधत गेलात तर ते अडाणी या अर्थापाशी पोचते. मध्ये तो मूर्ख होता, मग चोखंदळ, मग नेमका, आणि आता छान. 'सिली' हा आज बावळट, पण पूर्वी तो पुण्यवान होता. निष्पाप, भोळा असे करीत घसरला. आपल्याकडेही धर्मशास्त्रात साहस हे बळजबरीच्या गुन्ह्याचे नाव होते, आज त्यासाठी पदके मिळतात. अशोकाच्या शिलालेखांत पाषंड म्हणजे नुसता पंथ, कोणताही. आज पाखंडी म्हटले तर भांडण होईल. शब्दाची ही सारी वाटचाल सनावार, पुराव्यासह मांडावी असा विचार लंडनच्या भाषाशास्त्रमंडळाने 1857 साली हाती घेतला. रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरूने त्या साली तेथे जुन्या कोशांचे दोष दाखवले होते. त्या विचाराचा ऑक्सफर्डचा महाकोश 1928 साली पुरा झाला. एकाहत्तर वर्षे! त्याच 1857 साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, हा योगायोग मला अजून गोड वाटतो.

इंग्रजांनी आपल्याकडून नेलेले शब्दही थोडे नाहीत. आपले मुंगूस त्यांच्याकडे जाऊन 'मंगूस' झाले. मुंबईच्या डोंगरीवरचे जाडेभरडे कापड 'डंगरी' नावाने त्यांच्या खलाशांच्या आणि कामगारांच्या अंगावर चढले. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी 'लूट' नेली. रॉब होता, प्लंडर होता, तरी आणखी एक शब्द त्यांना लागला. त्यांच्या कोशात लूट म्हणजे सैनिकांनी घरे फोडून नेलेला माल. आपल्या लुटीला मात्र दुसरे अंग आहे. दसऱ्याला आपण सोने लुटतो, म्हणजे आपट्याची पाने एकमेकांना देतो. पोरे नदीवर आनंद लुटतात. घेण्याइतकेच देणेही त्या शब्दात आहे. शब्द जहाजावर चढला तेव्हा त्याचे ते अंग किनाऱ्यावरच राहून गेले.

त्या दुपारी मास्तरांनी मला दुसरा अर्ज सांगितला नाही. माझ्याकडूनच लिहून घेतला. डिमांड गेला, रिक्वेस्ट आला. हेडमास्तर मात्र दुपारच्या गाडीने जिल्ह्याच्या गावी गेले होते. ते परवा परतले. परतल्यावर त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि कोपऱ्यात लाल शाईने एकच शब्द लिहिला : 'ग्रँटेड'. हाही फ्रेंचच. मी रात्रीच्या गाडीने घरी पोचलो, तेव्हा श्राद्धाची तिथी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. भावाने सारे एकट्याने उरकले होते. आईने काही न विचारता झाकून ठेवलेले ताट माझ्यापुढे ठेवले.